बंद केलंय हं

नलूताई गुप्तेंचं नाव निघालं की ठाण्यात लोक अजून भरभरून बोलतात. "केवढं काम केलं हो बाईंनी!" म्हणतात. कळव्यापासून कल्याणपर्यंत साध्यासुध्या माणसांच्या घरी जायचं, त्यांच्या आयुष्याच्या गोष्टी त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करायच्या आणि जपून ठेवायच्या. "नाहीतर आपल्यासारख्यांना कोण विचारतं?" असंही वर म्हणतात. खरं आहे. मीही मान हलवते. मी त्यांच्याबरोबर घरोघर फिरलेय, त्यांची रेकॉर्डिंगं कानाला लावून टाइप केलीत, त्यांच्या हातचं वालाचं बिरडं बोटं चाटून खाल्लंय. आणि मला त्या बाईंचा इतका राग आहे की अजूनही नौपाड्यात त्यांच्या गल्लीवरून जायची वेळ आली तर मी पलीकडच्या रस्त्याने जाते.

राग त्यांच्या एका वाक्याचा आहे. "बंद केलंय हं." माझ्या आईने त्या वाक्यावर विश्वास ठेवला आणि तिची सख्खी बहीण तिला कायमची तुटली. ते कसं झालं ते सांगते, पण आधी नलूताई सांगायला हव्यात, कारण त्या नुसत्या वाईट असत्या तर प्रश्नच नव्हता.

पहिल्यांदा भेटल्या त्या आमच्या वर्तकनगरच्या कॉलनीतल्या हळदीकुंकवाला. कोणाबरोबर तरी आलेल्या. बुटक्या, कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला लोकरीची पिशवी आणि तिच्यातून बाहेर डोकावणाऱ्या विणायच्या सुया. मी तिळगूळ पुढे केला आणि "घ्या ना" म्हटलं. बाई हात पुढे करायच्या थांबल्या. डोळे मिटले. म्हणाल्या, "साहेब जेवायला गेलेत."

मला कळेचना. "काय?"

"तुम्हीच ना त्या? बँकेत फोन केला की 'साहेब जेवायला गेलेत' म्हणणाऱ्या?"

मीच ती. एका सहकारी बँकेत मी जन्म काढला आणि साहेबांना फोनपासून वाचवणं हे माझं मुख्य काम होतं. नलूताईंनी पेन्शनच्या भानगडीत आमच्या ब्रँचला कधीतरी फोन केलेला, तोही काही वर्षांपूर्वी. मी तोवर रिटायरसुद्धा झाले होते. "सकाळी साडेदहाला जेवायला?" असं त्या म्हणाल्या तेव्हा सगळ्या बायका हसल्या आणि मी लाजून चूर झाले. पण त्या दिवसापासून मी त्यांची झाले, ते झालेच.

त्या टेलिफोनच्या एक्सचेंजमध्ये होत्या. आता मुलांना सांगावं लागतं, की तेव्हा गावाला फोन लावायचा तर आधी एक्सचेंजला नंबर द्यावा लागे, मग ऑपरेटर बाई तो जोडून देई आणि "बोला" म्हणे. त्या "बोला" म्हणणाऱ्या नलूताई. जन्ममृत्यूच्या बातम्या, ठरलेली लग्नं, मोडलेली लग्नं, सगळं त्यांच्या हातातल्या वायरींतून गेलेलं. "ऐकायचं नाही असा नियम होता," त्या म्हणायच्या, "पण कान काढून खुंटीला टांगायची सोय नव्हती." घरी फोन आला तरी त्या 'हॅलो' म्हणत नसत. "बोला, ऐकतेय," एवढंच. आणि आवाजाची पारख तर विचारू नका. भाजीवाल्याने खालून आरोळी दिली की "आज त्याचा भाऊ आलाय" म्हणून सांगत. गणपतीत लाउडस्पीकरवरून आरती चाललेली असताना "गुरुजींना सर्दी झालीय, आलं पाठवा" म्हणाल्या होत्या. तोंडं त्यांच्या लक्षात राहत नसत. मला म्हणायच्या, "माणूस म्हणजे आवाज, शुभा. बाकी सगळे कपडे."

हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते विसरता येत नाही.

रेकॉर्डिंगचं वेड त्यांना रिटायर झाल्यावर लागलं. कोणी सांगितलं नव्हतं, कुठली संस्था मागे नव्हती. "इतकी वर्षं लोकांचं ऐकलं आणि सोडून दिलं," म्हणाल्या, "आता धरून ठेवते." कामाची पद्धत त्यांची स्वतःची. "तुमच्या आयुष्याबद्दल सांगा" असं कधी विचारायच्या नाहीत. पहिला प्रश्न ठरलेला. "तुमच्या घरात पाणी कोण भरायचं?" बस्स. पाणी कोण भरायचं विचारलं की त्या घरातलं सगळं राजकारण धो धो बाहेर पडतं असं त्यांचं म्हणणं. आणि पडायचंच. दिवा गावात एका आगरी आजीकडे गेलो होतो. भोवती आता नुसत्या बिल्डिंगा, नळाला पाण्याचा पत्ता नाही, आणि आजी मधोमध आपल्या जुन्या घरात. प्रश्न ऐकून तिने कपाळावर हात मारला. "कोन भरनार बाय? मीच! घरान धा मानसा, न पानी भरनारी मी यकटी." तिथून जी सुरू झाली ती सासू, दीर, जाऊ, भातशेती, विकलेली जमीन, सगळं करत आली, आणि शेवटी आम्हालाच एक कळशी भरून द्यायला सांगितली. टँकर आला होता. नलूताईंनी सुया बाजूला ठेवल्या, पदर खोचला आणि गेल्या रांगेत.

कळव्याच्या खाडीपुलावर रिक्षा अडकली की पुढे वाकून रिक्षावाल्यालाही तेच. "दादा, तुमच्याकडे पाणी कोण भरायचं?" एकदा एका रिक्षावाल्याचे डोळे भरून आले, त्याने मीटर बंद केलं आणि बाजूला घेऊन अर्धा तास बोलत बसला. कोणी म्हणालं, "आमचं कसलं आलंय आयुष्य," की नलूताई चिडायच्या. "मग हे कोणाचं जगताय? शेजाऱ्यांचं?"

आता ते माझ्या रागाचं वाक्य.

मशीन त्यांचं जुनं, चांगलं हाताएवढं. क्रोशाच्या रुमालावर मधोमध ठेवायच्या, लाल दिवा सगळ्यांना दिसेल असं. दिवा लागला की माणसं ताठ बसत आणि भाषण सुरू करत. "माझा जन्म एका गरीब परंतु सुसंस्कृत कुटुंबात झाला." नलूताई विणत विणत ऐकून घ्यायच्या. बघायच्या नाहीत माणसाकडे. तासाभराने भाषण आटलं की खटका दाबायच्या. टक्. मोठ्याने वाजायचा तो. रुमालाचं टोक मशीनवर ओढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बंद केलंय हं."

आणि मग माणूस बोलायला लागायचं. खरं. चहा यायचा, पाय वर घेतले जायचे, आणि इतका वेळ ज्याच्याभोवती घिरट्या घातल्या ते बाहेर यायचं. नलूताई तशाच विणत असायच्या. कल्याणला पारनाक्याजवळ एक आचारी होता, लग्नाच्या पंगतीचा नावाजलेला. दिवा लाल होता तोवर त्याने हजार-हजार माणसांच्या पंगती मोजून दाखवल्या. टक् झाल्यावर म्हणाला, "ताई, जीभ मेलीय माझी. एका तापानंतर मला चवच कळत नाही. खारट की गोड, काही नाही. पहिला घास बायकोला देतो आणि तिच्या तोंडाकडं बघतो. तिच्या भुवयांवर मीठ टाकतो मी." असं म्हणून स्वतःच इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हे बाहेर कळलं तर त्याचा धंदा बसला असता. परत येताना नलूताई म्हणाल्या, "हे आपल्या दोघींत राहिलं हं, शुभा." मला इतका अभिमान वाटला! टाइप करायला माझ्याकडे ज्या फाइली यायच्या त्या टक् आवाजाशी संपायच्या. पुढचं कुठेच नसायचं. मला वाटायचं, काय बाई आहे, खरं सोनं तिथेच सोडून येते.

त्यांचं स्वतःचं मात्र काही म्हणता काही कळायचं नाही. लग्न केलं नव्हतं. का, ते माहीत नाही. मी एकदा त्यांचंच मशीन त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, "नलूताई, तुमच्या घरात पाणी कोण भरायचं?" तर म्हणाल्या, "नळाला यायचं," आणि उठून कुकर लावायला गेल्या.

तर माझी आई. बाबा गेल्यावर आम्ही दोघीच होतो घरात, ती आणि मी. आई कोकणातली, साठ वर्षं ठाण्यात काढून 'गो' काही सुटला नव्हता तिचा. तिची थोरली बहीण अक्का, म्हणजे माझी अक्कामावशी, डोंबिवलीला राहायची. शाळेत शिवणाची बाई होती, लग्न झालेलं नाही, चौथ्या मजल्यावर एकटी, बिल्डिंगला लिफ्ट नाही. ऐंशी उलटलेली बाई हातात दोन पिशव्या घेऊन ते चार जिने एका दमात चढायची आणि वर जाऊन खालच्या धापा टाकणाऱ्या माझ्यावर ओरडायची, "अगं बाळंतीण आहेस का?" दर गुरुवारी ती आमच्याकडे यायची. दिवसभर दोघी बहिणी भांडायच्या. चहा किती उकळायचा, पंखा दोनवर की तीनवर, गावच्या विहिरीजवळ फणस होता की आंबा. संध्याकाळी अक्कामावशी निघाली की आई गॅलरीत उभी राहून तिची रिक्षा वळेपर्यंत बघायची, आणि मग म्हणायची, "गेली एकदाची."

नलूताई आईला म्हणाल्या, "वहिनी, तुमचंही करू की एकदा." मीच आईला तयार केलं. आईने नवीन साडी नेसून, ताठ बसून, लाल दिव्यासमोर जन्मगाव, लग्न, बाबांची नोकरी, माझा जन्म असं सगळं शाळेतल्यासारखं म्हटलं. मग टक्. "बंद केलंय हं, वहिनी." मी चहा आणला. आईने बशीत ओतला, फुंकर घातली, आणि म्हणाली, "आता काय सांगू गो तुम्हाला. हे स्थळ माझं नव्हतंच. अक्काचं होतं."

माझ्या हातात बिस्किटांची ताटली होती. मी तशीच उभी राहिले.

"बघायला आले ते अक्काला. पोहे झाले, पसंतीच होती. मुलाची आत्या मागीलदारी हात धुवायला आली. घरात पाणी मी भरायची, तिच्या हातावर पाणीही मीच घातलं. ती म्हणाली, थोरलीची तब्येत बरी असते ना गो? मी म्हटलं, दमा आहे तिला. थंडीत फार होतो. कुठला दमा? अक्काला साधं पडसं होत नसे. आठ दिवसांत निरोप आला, धाकटी पसंत आहे. पुढे अक्काला स्थळंच येईनाशी झाली, कोणी कारण सांगेना. मला ठाऊक होतं कारण. मला तो मुलगा आवडला होता गो. बस. इतकंच."

चहा निवला होता. आईने तो तसाच प्यायला. मग म्हणाली, "सांगणार आहे मी तिला. दिवाळीच्या आत सांगून टाकणार. तिच्या तोंडच्या चार शिव्या खाल्ल्या की सुटले मी."

नलूताईंनी सुई थांबवली नाही. "आपल्या तिघींत राहील, वहिनी," म्हणाल्या.

  ज्या माणसाला मी बाबा म्हटलं तो असा आमच्या घरात आलेला. पण आईला हलकं वाटत होतं हे दिसत होतं. तिने तयारी सुरू केली. दर गुरुवारी सकाळी म्हणायची, "आज सांगते." मग अक्कामावशी यायची आणि आई मागे सरायची. "आज तिचा गुडघा दुखतोय गो." "आज तिने पुरणपोळ्या आणल्यात, कसं सांगू?" पण सांगणार होती. तिने दिवाळीची मुदत घातली होती आणि आई मुदत मोडणारी बाई नव्हती, लाइटबिलसुद्धा पहिल्या दिवशी भरायची.

दसरा झाला आणि नलूताईंचा कार्यक्रम ठरला. लॉकडाऊन संपून लोक पुन्हा हॉलमध्ये जमायला लागले होते. पहिल्या मजल्यावरचा छोटासा हॉल, शंभर-सव्वाशे माणसं. नलूताईंनी निवडक गोष्टी ऐकवायच्या असं होतं. "घरच्या सगळ्यांना घेऊन या," म्हणून त्यांनीच आमंत्रण दिलं. अक्कामावशी डोंबिवलीहून आली, गजरा माळून. आई मध्ये, मी एका बाजूला, मावशी दुसऱ्या बाजूला, मधल्या वाटेकडच्या खुर्चीवर.

नलूताई स्टेजवर बसल्या. टेबलावर ते मशीन, शेजारी लोकरीची पिशवी. म्हणाल्या, "मी कोणाचंही नाव सांगणार नाही. माणसांनी माझ्यावर विश्वास ठेवलाय." टाळ्या. पहिली ती पाणी भरणारी आगरी आजी. हॉल हसून हसून लोळला. मग त्या म्हणाल्या, "आता एक आचारी." आणि स्पीकरमधून आवाज आला, "ताई, जीभ मेलीय माझी."

 हे टक् नंतरचं होतं. मी तिथे होते, खटका माझ्या कानांनी ऐकला होता, दिवा विझलेला बघितला होता. मग हे कुठून आलं? लोक हसत होते, "भुवयांवर मीठ" म्हणत एकमेकांना टाळ्या देत होते, आणि मी त्या लोकरीच्या पिशवीकडे बघत होते. मोबाइल. लोकरीच्या गुंड्यांत नलूताईंचा मोबाइल असायचा. कायम. त्यासाठी एक पाऊचही विणलेलं होतं, मी कौतुक केलं होतं त्याचं! मोठं मशीन दाखवायला होतं. बंद करून दाखवायला.

मी आईचा हात धरला. "आई, चल, उठ." ती म्हणाली, "का गो?" तेवढ्यात नलूताई म्हणाल्या, "आणि आता एक गृहिणी."

"आता काय सांगू गो तुम्हाला..."

पहिल्या 'गो'लाच अक्कामावशीने मान वळवून आईकडे बघितलं, हसून, कौतुकाने. तिला वाटलं आईच्या लहानपणाची काहीतरी गंमत असणार. मग ती ऐकत गेली. मी तिच्याकडे बघू नये म्हणून समोर बघत होते. आत्या आली, हात धुतले, दमा आला, आठ दिवसांनी निरोप आला. "मला तो मुलगा आवडला होता गो. बस. इतकंच." आणि तिथे संपलं. तिथेच. पुढचं, "सांगणार आहे मी तिला," ते नव्हतंच. टाळ्यांचा कडकडाट झाला. मागची बाई नाक पुसत म्हणाली, "किती प्रामाणिक ना!"

अक्कामावशी आईला म्हणाली, "मला दमा, गो?"

आई म्हणाली, "अक्का, मी सांगणारच होते तुला." टाळ्या इतक्या चालल्या होत्या की मलाच ते जेमतेम ऐकू आलं. अक्कामावशीने पर्स उचलली आणि ती उठली. मी मागे धावले. जिना ती कठड्याला हात न लावता उतरली, सावकाश, एकेक पायरी, आणि खाली पोचल्यावरही तिला धाप लागलेली नव्हती. रिक्षा करून ती स्टेशनला गेली. त्यानंतरच्या एकाही गुरुवारी ती आमच्याकडे आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी नौपाड्यात नलूताईंच्या दारात. त्या मटार सोलत होत्या. "ये, ऐकतेय," म्हणाल्या, जणू काही झालंच नाही.

"तुम्ही बंद केलंय म्हणालात."

"मशीन बंदच केलं होतं."

"नलूताई!"

त्यांनी परात खाली ठेवली. "शुभा, अगं लाल दिव्यासमोर कोणी खरं बोलतं का? तूच टाइप केलंयस ना ते सगळं, काय असतं त्यात? सुसंस्कृत कुटुंब! ते ठेवून काय करायचं? माणूस जातं आणि जे सांगायचं ते घेऊन जातं. मी ते जाऊ देत नाही. आणि नाव कुठे घेतलं मी? एकाचंही घेतलं नाही."

"आवाज होता ना! तुम्ही म्हणता ना माणूस म्हणजे आवाज? तिच्या सख्ख्या बहिणीला आवाज ओळखू येणार नाही?"

त्यांनी परातीतली एक शेंग उचलली आणि तशीच परत टाकली. खरंच सांगते, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. साहेब जेवायला गेलेत एवढ्यावरून मला पकडणारी बाई, नाव कापलं की माणूस लपलं असं समजून बसली होती. मग म्हणाल्या, "माझ्याजवळची सगळ्यात चांगली गोष्ट होती ती."

"गोष्ट? आई आहे ती माझी."

 मी म्हटलं, "बरं, झालं ते झालं. त्याच्या पुढचं मला द्या. आई म्हणाली होती, दिवाळीच्या आत सांगणार. ते मावशीला ऐकवते मी. तेवढं द्या."

नलूताई मटाराच्या सालींकडे बघत म्हणाल्या, "ते नाही माझ्याकडे. फोनमध्ये जागा नसते गं. चांगलं तेवढं ठेवते, कापलेलं पुसून टाकते."

जपून ठेवणारी बाई! मी तिथून उठले ती त्यांच्या घरात परत पाऊल न टाकण्यासाठी.

डोंबिवलीला गेले. चार जिने चढून माझा जीव वर आला. अक्कामावशीने दार उघडलं, पाणी दिलं, पंखा लावला. मी सगळं सांगितलं. आई स्वतःच सांगणार होती, दर गुरुवारी सांगायला बसायची, त्याच रेकॉर्डिंगमध्ये पुढे तसं म्हणालीही होती. मावशीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ऐकव मग."

माझ्याकडे ऐकवायला काही नव्हतं.

"तिने मला सांगितलं असतं ना शुभा, मी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. चार गुरुवार आले नसते. पाचव्या गुरुवारी आले असते. पण तिने ते परक्या बाईला सांगितलं, आणि मी ते टाळ्यांत ऐकलं."

आई तिला फोन करायची. मावशी उचलायची, पण बोलायची नाही. आई म्हणायची, "नुसता श्वास ऐकू येतो गो तिचा. छान मोकळा." दिवाळी आली नि गेली. गुरुवारी आई दुपारपासून गॅलरीत बसायची. पुढच्या वर्षी पावसाळ्यात ती गेली. अक्कामावशी आली, आईच्या कपाळावर हात ठेवून उभी राहिली, आणि मला विचारलं, "काही म्हणाली?" मी म्हटलं, "तुझंच नाव." खरं होतं. तिने मान हलवली, पण मला दिसलं ना, समजूत घालणाऱ्याचं ऐकून घ्यावं तशी हलवली.

आईचा आवाज आता जगात तेवढाच उरलाय, नलूताईंनी कापून ठेवलेला. मी आईचं वेगळं कधी काही रेकॉर्ड केलं नाही, नलूताई आहेतच म्हणून. मशीनवरचं ते भाषणासारखं म्हटलेलंही, टाइप करायला माझ्याकडे यायच्या आधीच, त्यांनी पुसलं होतं.

मग परवा, म्हणजे गेल्या हिवाळ्यात, नलूताईंच्या भाचीचा फोन आला. त्या अंथरुणाला खिळल्या होत्या, तिच्याकडे कळव्याला होत्या. "मावशी सारखी तुमचं नाव घेते. तिला काहीतरी सांगायचंय म्हणे, तुमच्याचजवळ, रेकॉर्ड करून. याल का?" मी नाही म्हणणार होते. जीभ वळली नाही. गेले.

बाई मुठीएवढी झालेली. मला बघितलंही नाही, डोळे मिटलेलेच. मी "नलूताई" म्हटलं तर म्हणाल्या, "साहेब आले का जेवून?" काय करणार अशा बाईचं? मला हसूही आलं आणि रडूही. भाचीने ते जुनं मशीन उशाशी ठेवलं, क्रोशाच्या रुमालावर, आणि ती चहा करायला आत गेली. मी लाल दिवा लावला.

नलूताई बोलल्या. जन्म ठाण्याचा. वडील कारकून. कुटुंब गरीब, परंतु सुसंस्कृत. देवाशप्पथ, हेच शब्द! एक्सचेंजमधली नोकरी, बदल्या, बढत्या, निवृत्ती. दम लागत होता, तरी क्रमाने सगळं सांगितलं. मग थांबल्या.  ओठ नुसते हलले, आणि म्हणाल्या, "बंद कर."

मी खटका दाबला. टक्. रुमालाचं टोक वर ओढलं.

"बंद केलंय हं," मी म्हटलं.

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे नाही, माझ्या मांडीवरच्या पर्सकडे बघितलं. मला कळलं. मी म्हटलं, "फोन आतमध्ये चार्जिंगला लावलाय, नलूताई. भाचीला विचारा." त्या बघतच राहिल्या. मग मी पर्स त्यांच्या पांघरुणावर उपडी केली. किल्ल्या, रुमाल, रेल्वेचा पास, खोकल्याच्या गोळ्या, चष्म्याचं घर. त्यांनी एकेक वस्तू बाजूला केली. चष्म्याचं घर उघडून बघितलं, मिटून ठेवलं. मग पर्सच्या आत हात घालून अस्तर चाचपलं.

"नाहीये हो काही," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "बोला तुम्ही. ऐकतेय मी."

भाची चहा घेऊन आली. तिने त्यांना बशीतून घोटभर पाजला. नलूताईंनी ओठ पुसून घेतले, भिंतीकडे वळल्या आणि म्हणाल्या, "साखर जास्त झालीय."

पुढे एक अक्षर बोलल्या नाहीत. मी बसून राहिले, भाची दिवे लावायला उठेपर्यंत. चार दिवसांनी गेल्याचा फोन आला.

मशीन बंद होतं. फोन आत होता. खरंच बंद होतं हो सगळं.